अमेरिकन नाटक त्याच्या काळासकट शिकवू द्या

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
इंग्रजी अभ्यास मंडळे, महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय: एम. ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमातील आधुनिक अमेरिकन नाटक

सन्माननीय सदस्यहो,

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे अभ्यासक्रमांची फेररचना चालू आहे. पेपरांची नावं, श्रेयांक, घटक, उद्दिष्टं, सगळं नव्याने लिहिलं जातंय. मी पदव्युत्तर वर्गाला अमेरिकन साहित्याचा पेपर शिकवते आणि त्यातल्या नाटकांबद्दल आपल्यापुढे एक मागणी ठेवते आहे. आधुनिक अमेरिकन नाटक हा अमेरिकेच्या सांस्कृतिक इतिहासाचा भाग आहे. ते तसं शिकवता येईल आणि परीक्षेत तसं विचारता येईल, अशी तरतूद अभ्यासक्रमातच करा. नाटकं काढून टाका असं माझं म्हणणं नाही. यूजीन ओनील, आर्थर मिलर, टेनेसी विल्यम्स, लॉरेन हॅन्सबेरी हे नाटककार राहू देत. बदलायला हवी ती शिकवण्याची चौकट, आणि तिच्याहून आधी प्रश्नपत्रिका. कारण प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय आपल्याकडे शिकवणं बदलत नाही, हे आपण सगळेच जाणतो.

ओनीलचं 'द एम्परर जोन्स' घ्या, एका बेटावर सम्राट होऊन बसलेल्या काळ्या अमेरिकन जोन्सची गोष्ट. १९२० सालच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये प्रॉव्हिन्सटाउन प्लेअर्स या नाट्यमंडळीने हे नाटक केलं. आपल्याकडे ते अभिव्यक्तिवादाचा, म्हणजे मनातल्या भावना रंगमंचावर आकारून दाखवणाऱ्या शैलीचा, नमुना म्हणून शिकवलं जातं: नाडीच्या गतीने, मिनिटाला ७२ ठोक्यांनी सुरू होऊन चढत जाणारा ढोल, जंगल, भीतीची रूपं, चांदीची गोळी. उत्तर तयार होतं, गुण मिळतात. पण संहितेच्या सुरुवातीलाच ओनीलने एक सूचना दिली आहे, जी बहुतेक गाइडांत येत नाही. नाटक वेस्ट इंडीजमधल्या अशा एका बेटावर घडतं, ज्याला गोऱ्या नौसैनिकांच्या हातून अजून 'स्वयंनिर्णय' मिळालेला नाही, असं तो लिहितो. स्वयंनिर्णय हा राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा आवडता शब्द, आणि त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै १९१५ मध्ये, अमेरिकन नौसैनिक हैतीत उतरले. ते १९३४ पर्यंत तिथेच होते. म्हणजे हे नाटक पाहायला बसलेल्या प्रेक्षकाच्या देशाचं सैन्य त्या क्षणी एका कृष्णवर्णीय प्रजासत्ताकावर राज्य करत होतं. एवढी एक ओळ वर्गात थांबून वाचली, तर जोन्सच्या गणवेशाकडे, त्याच्या सिंहासनाकडे आणि पुलमन कंपनीच्या रेल्वेच्या शयनडब्यांत प्रवाशांची सेवा करताना गोऱ्यांकडून शिकलेल्या त्याच्या धंदेवाईक शहाणपणाकडे विद्यार्थी वेगळ्याच नजरेने बघतात.

आणि जोन्स उभा करणारा चार्ल्स गिल्पिन? १९२१ साली ड्रामा लीग या नाट्यसंस्थेने रंगभूमीसाठी मोठं काम केलेल्या दहा जणांत त्याची निवड केली. सत्काराच्या मेजवानीला मात्र एका काळ्या नटाला बोलवावं की नाही यावर वाद पेटला. इतर सत्कारमूर्तींनी निषेध केल्यावरच त्याचं आमंत्रण कायम राहिलं. पुढे संहितेतला काळ्या माणसाला हिणवणारा शब्द तो प्रयोगात बदलून म्हणू लागला, ते ओनीलला खपलं नाही, आणि लंडनच्या प्रयोगात जोन्स म्हणून पॉल रोबसन उभा राहिला. या सगळ्याला आपण 'पूरक माहिती' म्हणतो. मला ती नाटकाचाच भाग वाटते. संहितेवर कोणाचा हक्क, नटाचा की लेखकाचा, हा प्रश्न त्या रंगमंचावर रोज रात्री सुटत किंवा चिघळत होता.

आपल्या सध्याच्या अभ्यासक्रमांत इतिहास अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. 'पार्श्वभूमी' नावाचा एक घटक असतो. महामंदी, दोन महायुद्धं, अमेरिकन ड्रीम, नागरी हक्कांची चळवळ, असं सगळं पहिल्या आठवड्यात उरकलं जातं आणि मग नाटक सुरू होतं. पुढे त्या दोघांची गाठ पडत नाही. मला हवा आहे तो इतिहास नाटकाच्या आत शिरून शोधलेला: त्यातल्या पैशांच्या आकड्यांत, कायद्याच्या कागदांत, नेपथ्यात, कापलेल्या प्रवेशांत.

यासाठी मी दोन सूत्रं सुचवते. पहिलं घर, दुसरं साक्ष.

'डेथ ऑफ अ सेल्समन' १० फेब्रुवारी १९४९ रोजी रंगमंचावर आलं. नंतर थोड्याच दिवसांत मिलरने न्यूयॉर्क टाइम्समध्ये सामान्य माणूस आणि शोकांतिका यांवर लेख लिहिला आणि तेव्हापासून जगभरचे विद्यार्थी या नाटकातला फिरता विक्रेता विली लोमन शोकात्म नायक आहे की नाही, याचं उत्तर लिहीत आहेत. आपलेही लिहितात. माझी विनंती आहे की एकदा पहिल्या अंकातला जमाखर्च फळ्यावर मांडून पाहा. विली दौऱ्यावरून येतो, विक्रीचा मोठा आकडा सांगतो. त्याची बायको लिंडा पेन्सिल घेऊन हिशेब करते तसतसा आकडा उतरत जातो आणि शेवटी कमिशन निघतं सत्तर डॉलर आणि वर काही सेंट. मग ती देणी वाचते: फ्रिजचे सोळा, वॉशिंग मशीनचे नऊ डॉलर साठ सेंट, व्हॅक्यूम क्लीनरचे साडेतीन, छपराच्या दुरुस्तीचे उरलेले एकवीस, मोटारीच्या कार्ब्युरेटरचे साडेतीन. हा प्रवेश विलीच्या आठवणीतला, १९२८ सालातला आहे. हप्त्यांवर वस्तू घेण्याची पद्धत अमेरिकन मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरली ती याच दशकात. दुसऱ्या अंकात विली तरुण मालकाकडे आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो, मग पन्नास, मग चाळीस. समोर मालक नव्या वायर रेकॉर्डरवर मुलीची शिट्टी ऐकवत असतो. या दोन प्रवेशांत अमेरिकेच्या ग्राहकसंस्कृतीचा वीस वर्षांचा इतिहास आहे आणि तो पात्रांच्या तोंडून, घामासकट येतो.

घराचं कर्ज पंचवीस वर्षांचं आहे आणि त्याचा शेवटचा हप्ता विलीच्या मृत्यूच्या वेळीच फिटतो, हे आपण सांगतो. पण अमेरिकेत विसाच्या दशकात घरकर्ज बहुधा थोड्या वर्षांच्या मुदतीचं असे, लांब मुदतीचं हप्तेबंद कर्ज रुळलं ते तीसच्या दशकातल्या सरकारी योजनांनंतर. मग मिलरने पंचवीस वर्षं का धरली? तो १९४९ च्या प्रेक्षकाच्या कर्जाबद्दल बोलत होता का? हा प्रश्न एम. ए.च्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी द्यावा. त्याचं उत्तर कुठल्याही गाइडमध्ये नाही, त्याला स्वतः शोधावं लागेल.

याच नाटकाची आणखी एक हकिकत शिकवण्यासारखी आहे. १९५१ साली कोलंबिया पिक्चर्सने त्यावर चित्रपट काढला. लोक काय म्हणतील या धास्तीने कंपनीने मुख्य चित्रपटाआधी दाखवायला एक छोटी फिल्म तयार केली, ज्यात आजचा विक्रेता किती सुखी आणि सुरक्षित आहे हे पटवून दिलं होतं. मिलरने कोर्टात खेचण्याची धमकी दिली तेव्हा ती बाजूला पडली. एका नाटकाचं खंडन करायला चित्रपट कंपनी स्वतःच्याच चित्रपटापुढे दुसरी फिल्म जोडायला निघते, यावरून त्या काळातल्या भीतीची जेवढी कल्पना येते तेवढी शीतयुद्धावरच्या चार पानांच्या टिपणातून येत नाही.

आता त्याच्याशेजारी 'अ रेझिन इन द सन' ठेवा. ११ मार्च १९५९ रोजी ते ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं. लॉरेन हॅन्सबेरी तेव्हा २८ वर्षांची होती आणि ब्रॉडवेवर नाटक आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. शिकागोतल्या यंगर कुटुंबाला वारलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर मिळतात. आई त्यांतले साडेतीन हजार भरून क्लायबोर्न पार्क नावाच्या गोऱ्या वस्तीत घर घेते. का? काळ्या लोकांसाठी लांब कुठेतरी बांधलेली घरं दुप्पट महाग पडतात, असं ती साध्या हिशेबाने सांगते. मग कार्ल लिंडनर येतो. नाटकात दिसणारा एकमेव गोरा माणूस, आवाज न चढवता बोलणारा, सोसायटीच्या वतीने जास्त पैसे देऊन घर परत मागणारा.

इथे फक्त वर्णद्वेष हा शब्द पुरत नाही. हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत अशाच वस्तीत घर घेतलं. त्या वस्तीतल्या मालकांनी कृष्णवर्णीयांना घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही, असा करार केलेला होता आणि तो कायद्याने चालत होता. घरावर जमाव आला, खिडकीतून दगड आला, तो लहानग्या लॉरेनला थोडक्यात चुकला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४० मध्ये हॅन्सबेरींच्या बाजूने निकाल लागला, पण तांत्रिक मुद्द्यावर. अशा करारांना न्यायालयांनी अंमल द्यायचा नाही हे ठरायला १९४८ साल उजाडलं. त्याच काळात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले होते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याच्या. लिंडनरच्या सौजन्यामागे हे सगळं उभं आहे. विली लोमनला ब्रुकलिनमध्ये घर घेता आलं आणि ते फेडता फेडता तो संपला. यंगर कुटुंबाने ते घेऊच नये म्हणून सगळी यंत्रणा आडवी उभी होती. ही दोन नाटकं एका घटकात ठेवली तर 'अमेरिकन ड्रीम' हा झिजून गेलेला मथळा वापरावाच लागत नाही.

नाटककार ऑगस्ट विल्सनचं 'फेन्सेस' त्यात घातलं तर आणखी एक गोष्ट दिसते, जी मला दरवेळी अस्वस्थ करते. त्याचा नायक ट्रॉय मॅक्सनचं घर त्याच्या भावाला महायुद्धात डोक्याला झालेल्या जखमेपोटी मिळालेल्या तीन हजार डॉलरमधून आलेलं आहे. यंगरांचं घर बापाच्या मृत्यूतून. विली तर घर फिटत असतानाच मुलासाठी वीस हजारांचा विमा मिळावा म्हणून गाडी घेऊन निघतो. तिन्ही ठिकाणी माणसाच्या देहाची किंमत लागते तेव्हाच कुटुंबाच्या हातात रक्कम येते. हे सूत्र कुठल्याही एका नाटकाच्या 'थीम्स'मध्ये सापडणार नाही. ते तीन नाटकं, तीन दशकं आणि विम्या-कर्जाचा इतिहास एकत्र वाचल्यावरच दिसतं.

घराचा हा प्रश्न सरकारी पैशाने रंगमंचावर आला होता, हेही मुलांना कळायला हवं. बेकार रंगकर्मींना काम देण्यासाठी १९३५ साली फेडरल थिएटर प्रोजेक्ट सुरू झालं, हॅली फ्लॅनगन त्याच्या संचालक. त्यांच्या 'जिवंत वृत्तपत्र' या, चालू प्रश्न बातम्यांसारखे रंगमंचावर मांडणाऱ्या प्रकारातलं १९३८ सालचं 'वन-थर्ड ऑफ अ नेशन' चाळीतल्या आगीने सुरू होतं. त्यात जमीनमालक रंगमंचावर गवताची एक चटई अंथरतो, हीच त्याची जमीन. तो तिचे तुकडे भाड्याने देत राहतो आणि माणसं त्या चटईवर दाटीवाटीने बसत जातात. जमिनीच्या भाड्याचं अर्थशास्त्र याहून सोपं करून कोणी सांगितलेलं मला माहीत नाही. डिसेंबर १९३८ मध्ये फ्लॅनगन यांची काँग्रेसच्या समितीपुढे चौकशी झाली, तेव्हा एका सदस्याने विचारलं की हा ख्रिस्टोफर मार्लो, म्हणजे शेक्सपिअरच्या काळातला नाटककार, कम्युनिस्ट आहे का. जून १९३९ च्या अखेरीस काँग्रेसने प्रकल्पाचे पैसेच थांबवले. आपल्या किती अभ्यासक्रमांत फेडरल थिएटरचं नाव आहे, हे कृपया एकदा तपासून पाहावं.

आता साक्ष. सुसान ग्लास्पेलची 'ट्रायफल्स' (१९१६) ही एकांकिका बी. ए.लाही लावली जाते. ग्लास्पेल वार्ताहर असताना तिने आयोवातल्या एका शेतकऱ्याच्या खुनाच्या खटल्याच्या बातम्या दिल्या होत्या, आरोपी त्याची बायको. नाटकात पुरुष पुरावा शोधत घरभर फिरतात आणि तो असतो स्वयंपाकघरात, शिवणाच्या पेटीत, बायकांच्या नजरेसमोर. हे सगळे शिकवतात. पण त्या वेळी आयोवात बाईला ज्यूरीत बसता येत नव्हतं, हे सांगितलं की त्या दोघी पुरावा का लपवतात याचं वजन बदलतं. त्या स्वतःच न्यायपंचायत होतात, कारण खऱ्या न्यायपंचायतीत त्यांना जागाच नव्हती.

'द क्रूसिबल' (१९५३) शिकवताना पन्नासच्या दशकात कम्युनिस्टांच्या मागे लागलेल्या सिनेटर मॅकार्थीचं नाव घेतलं जातं आणि पुढे जातात. थोडं थांबलं तर काय काय दिसतं! 'सेल्समन'चा दिग्दर्शक इलिया कझान याने एप्रिल १९५२ मध्ये काँग्रेसच्या कम्युनिस्ट शोधणाऱ्या चौकशी समितीपुढे ग्रुप थिएटर या नाट्यसंस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यांची नावं सांगितली. पहिला विली लोमन ली जे. कॉब यानेही पुढच्या वर्षी सांगितली. टॅक्सीचालकांच्या संपावरचं 'वेटिंग फॉर लेफ्टी' लिहिणाऱ्या क्लिफर्ड ओडेट्सनेही सांगितली. आणि याच सुमारास मिलर १६९२ च्या सेलम गावातल्या चेटकाच्या खटल्यांबद्दल लिहीत होता, जिथे आरोपी नायक प्रॉक्टर स्वतःचा कबुलीजबाब फाडतो. १९५४ मध्ये ब्रुसेल्सला याच नाटकाच्या प्रयोगासाठी जायला निघालेल्या मिलरला पासपोर्ट नाकारला गेला. २१ जून १९५६ रोजी तो स्वतः समितीपुढे बसला आणि इतरांची नावं सांगायला त्याने नकार दिला. त्याला शिक्षा झाली, १९५८ मध्ये ती रद्द झाली. प्रॉक्टरने जे केलं ते लेखकाने तीन वर्षांनी केलं.

मात्र इथे विद्यार्थ्याला दुसरी बाजूही दाखवावी. खरी अ‍ॅबिगेल (नाटकात चेटकाचे आरोप करणारी मुलगी) बारा वर्षांच्या आतबाहेरची होती आणि खरा प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिचं वय वाढवलं, त्याचं कमी केलं आणि त्यांच्यात प्रकरण घातलं. सेलमच्या इतिहासातली एक पोर अशा रीतीने सूड घेणारी बाई झाली. पन्नासच्या दशकात हे कोणाला खटकलं नाही आणि आज का खटकतं, हाही सांस्कृतिक इतिहासच.

मिलरने आत्मकथनात लिहिलं आहे की ज्या रात्री सोव्हिएत हेरगिरीच्या खटल्यात दोषी ठरलेल्या रोझेनबर्ग दांपत्याला विजेच्या खुर्चीत बसवलं, त्या रात्रीच्या प्रयोगात प्रॉक्टरला फाशीकडे नेल्यावर प्रेक्षक माना खाली घालून उभे राहिले. तारीख १९ जून १९५३. चाळीस वर्षांनी टोनी कुशनरच्या 'एंजल्स इन अमेरिका'मध्ये एथेल रोझेनबर्गचं भूत परत येतं, तिच्या खटल्यातला सरकारी वकील आणि नंतर मॅकार्थीचा उजवा हात रॉय कोन याच्या रुग्णशय्येपाशी. तो एड्सने मरतो आहे आणि आजाराचं खरं नाव कागदावर येऊ देत नाही. ज्याने जन्मभर इतरांची नावं कागदावर आणली तो स्वतःचं लपवतो. 'क्रूसिबल' नसेल तर या प्रवेशाचा अर्धा अर्थ हरवतो.

काही सदस्य म्हणतील की ग्रामीण महाविद्यालयांत ग्रंथालयंच धड नाहीत, ही कागदपत्रं कुठून आणायची? ही अडचण आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. हॅन्सबेरी खटल्याचा निकाल, फेडरल थिएटरचे काँग्रेस ग्रंथालयातले फोटो आणि संहिता, रिचमंड विद्यापीठाने मांडलेले लाल वस्त्यांचे नकाशे, हे सगळं मोबाइलवर फुकट पाहता येतं. कमतरता आहे ती अभ्यासक्रमातल्या एका ओळीची, जी म्हणेल की हे वाचणं अपेक्षित आहे. दुसरा आक्षेप असेल की मग साहित्य कुठे राहिलं, हा तर इतिहासाचा पेपर झाला. माझा अनुभव असा की हिशेब मांडून झाल्यावर लिंडाचे संवाद मुलं जास्त लक्षपूर्वक वाचतात, कमी नाही.

लिंडनरचा प्रवेश वाचताना आमच्या वर्गात शांतता पसरते. शहरात खोली शोधताना आधी आडनाव विचारलं गेलेली मुलं-मुली समोर बसलेली असतात. ती बोलू लागतात, बोलायलाच हवं. हा दुवा काही आज जडलेला नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकन कृष्णवर्णीय या दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य नोंदवलं होतं, १९७२ च्या दलित पँथरने नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून, आणि इंग्रजी शिकवणाऱ्या डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख मराठीत विस्ताराने करून दिली. पण म्हणूनच मला घाईने केलेली तुलना नको वाटते. शिकागोतला तो करार कसा लिहिला जायचा, कोण सही करायचं, बँक काय पाहायची, हे नीट कळल्यावर आपल्याकडची यंत्रणा कुठे वेगळी आणि कुठे तशीच, हे मुलं स्वतः मांडू शकतात. 'जात म्हणजे अमेरिकेतला वंशभेदच' असं एका ओळीत उरकलं तर दोन्ही इतिहासांवर अन्याय होतो.

म्हणून नेमकं काय करावं, ते लिहिते. अंतर्गत मूल्यमापनातला एक भाग एका नाटकाशी जोडलेल्या मूळ कागदपत्राच्या वाचनासाठी राखावा. सत्रान्त परीक्षेत निदान एक प्रश्न असा असावा, ज्यात संहितेतला उतारा आणि त्या काळातला एखादा निकाल, जाहिरात किंवा साक्षीचा भाग शेजारी छापलेला असेल आणि दोन्ही मिळून वाचायला सांगितलं असेल. कोणती आवृत्ती शिकवायची हे अभ्यासक्रमात स्पष्ट लिहावं. 'रेझिन'च्या मूळ प्रयोगातून यंगरांची मुलगी बेनीथा हिच्या मोकळ्या, नैसर्गिक केसांचा आणि शेजारीण मिसेस जॉन्सनचा भाग गाळलेला होता, पुढच्या आवृत्त्यांत तो परत आला. गाळलेलं काय आणि का, हे न सांगता ते नाटक शिकवणं मला अपुरं वाटतं. आणि शिक्षकांच्या उजळणी वर्गांत दोन दिवस या कागदपत्रांसाठी द्यावेत, कारण आमच्यापैकी बहुतेकांना हे कोणी शिकवलेलं नाही.

'घर' आणि 'साक्ष' या दोन घटकांचा तासिकांसह आराखडा, वाचायच्या कागदपत्रांची यादी आणि नमुना प्रश्नपत्रिका मी तयार करते आहे. ज्या मंडळाला हवी असेल त्याला ती बैठकीच्या आधी पाठवीन आणि बोलावलं तर चर्चेलाही येईन. नवे अभ्यासक्रम एकदा छापून झाले की पुढची काही वर्षं त्यांना हात लागत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिलं.

आपली नम्र,
पदव्युत्तर वर्गाला अमेरिकन साहित्य शिकवणारी एक प्राध्यापिका